मदत हवी आहे : मिथाइल गट वाढवल्यावर ॲझो रंजकाचे शोषण निळ्या बाजूला का सरकले?

प्रयोगवही : चार दिवस याच प्रश्नावर अडकलो आहे आणि सोमवारी मार्गदर्शकांना उत्तर द्यायचे आहे. ४-डायमिथाइलअमिनोॲझोबेंझीन या ॲझो रंजकाचे (दोन कडी नायट्रोजन-नायट्रोजन दुहेरी बंधाने जोडलेला रंग) शोषणशिखर इथेनॉलमध्ये सुमारे ४०८ नॅनोमीटरला येते, तसे ते मलाही मिळाले. त्याच रेणूत एक मिथाइल गट वाढवला. मिथाइल इलेक्ट्रॉन देतो, म्हणून शिखर तांबड्या बाजूला, म्हणजे जास्त तरंगलांबीकडे, सरकायला हवे होते. प्रत्यक्षात ते निळ्या बाजूला गेले आणि त्याची उंचीही बरीच घटली. चूक कोठे आहे, ते कृपया लवकर सांगावे.

तरंगलांबी : मिथाइल गट नेमका कोणत्या जागी आहे? ते कळल्याशिवाय काहीही सांगणे हा निव्वळ तर्क ठरेल.

सामू : माझ्या अनुभवात ॲझो रंजकांचे बहुतेक घोटाळे आम्लतेमुळे होतात. मिथिल ऑरेंज या ॲझो रंजकाचे शिखर आम्लारीत ४६४ नॅनोमीटरच्या आसपास असते आणि आम्लात ते ५०० च्या पुढे जाते. द्रावण ठेवण्याची क्युव्हेट आम्लाने धुतली होती का, ते आधी तपासा.

तरंगलांबी : पण आपणच दिलेल्या उदाहरणात आम्लाने शिखर तांबड्याकडे जाते. येथे उलट घडले आहे.

दीपशिखा : द्रावण उजेडात राहिले असेल, तर सिस रूपाचा (दोन्ही कडी दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला; ट्रान्समध्ये विरुद्ध बाजूंना) संशय घ्यावा. साध्या ॲझोबेंझीनचे ट्रान्स रूप समतल असते आणि ३२० नॅनोमीटरजवळ तीव्र शोषण करते. सिस रूपात कडी एका प्रतलात राहत नाहीत, आणि तो पट्टा क्षीण होऊन २८० कडे सरकतो.

प्रयोगवही : द्रावण रात्रभर अंधारात ठेवूनच मोजले होते. मिथाइल गट डायमिथाइलअमिनो गटाला अगदी लागून, ऑर्थो जागी आहे. हे लिहायचे राहिले. कपलिंगही (अमाइन डायझोनियम क्षाराशी जोडून रंजक बनवण्याची अभिक्रिया) फार मंद झाले, परंतु त्याचा वर्णपटाशी संबंध नसावा.

तरंगलांबी : संबंध आहे, किंबहुना उत्तर तेथेच आहे. नायट्रोजनवरचे दोन मिथाइल आणि शेजारचा नवा मिथाइल यांना एका प्रतलात जागा पुरत नाही, म्हणून संपूर्ण अमिनो गट कड्याच्या प्रतलाबाहेर वळतो, आणि मग नायट्रोजनची बंधात न गुंतलेली एकाकी इलेक्ट्रॉन जोडी कड्यातील पाय (π) इलेक्ट्रॉनांशी नीट जुळत नाही. हाच पीळ एन,एन-डायमिथाइल-ऑर्थो-टोल्युइडीनमध्येही असल्याने ते डायझोनियमशी अनिच्छेने जोडले जाते. बायफिनाइलचा २४८ नॅनोमीटरचा पट्टाही दोन्ही कड्यांवर ऑर्थो मिथाइल बसवले की असाच ढासळतो. पीळ म्हणजे निळ्याकडे सरकणे.

पॉलिमेथिन : शेवटच्या वाक्याला माझा ठाम आक्षेप आहे. सममित सायनिन रंजकांत (दोन टोकांचे नायट्रोजन कार्बनच्या साखळीने जोडलेले रंग) गर्दीमुळे रेणू पिळला, तर शोषण कमी होते, पण शिखर तांबड्याकडे जाते. सायनिन रंजकांचे अभ्यासक ब्रुकर यांच्या कामातून हे केव्हाच स्पष्ट झाले आहे. पिळलेला बंध उत्तेजित अवस्थेत अधिक दुहेरी होणार असेल, तर पिळाचा फटका त्या अवस्थेला जास्त बसतो आणि ऊर्जेतील अंतर वाढते. तो मूळ अवस्थेतच अधिक दुहेरी असेल, तर अंतर घटते.

तरंगलांबी : मान्य आहे, माझे विधान फार सरसकट होते. येथील कार्बन-नायट्रोजन बंध मात्र पहिल्या प्रकारचा आहे.

स्फुरण : आकाराचा परिणाम प्रतिदीप्तीवर (शोषलेला प्रकाश पुन्हा बाहेर टाकण्यावर) याहून सुंदर दिसतो. फ्लुओरेसिनमधील ऑक्सिजनचा पूल दोन कडी जखडून ठेवतो म्हणून ते चमकते. फिनॉल्फ्थॅलिनमध्ये तो पूल नाही.

सामू : प्रतिदीप्तीबद्दल कोणी विचारलेले नाही.

पॉलिमेथिन : तरीही जखडण्याची कल्पना उपयोगी आहे. जुलोलिडीनमध्ये नायट्रोजन कड्यांत बांधलेला असल्याने वळू शकत नाही, आणि त्यापासूनच्या रंजकांची शिखरे तांबड्याकडे असतात.

प्रयोगवही : मग नायट्रोजनवर दोनऐवजी एकच मिथाइल ठेवून, शेजारचा मिथाइल तसाच राखून पाहतो. त्या रेणूत नायट्रोजनवरचा हायड्रोजन गर्दीच्या बाजूला वळू शकेल आणि गट समतल राहील. तेव्हा शिखर निळ्याकडे जायला नको.

तरंगलांबी : चाचणी योग्य आहे. मात्र मंद कपलिंगमुळे आपल्या नमुन्यात मूळ अमाइन शिल्लक असू शकते, आणि तसे असल्यास वजनावरून काढलेली संहती खोटी ठरेल. घटलेल्या उंचीतील किती वाटा पिळाचा आहे, हे नमुना स्तंभातून शुद्ध करून मोलर शोषकता (ठरावीक मोलर संहतीमागे येणारे शोषण) पुन्हा काढल्यावरच लिहा.