रेफरन्सचा नमुना बदलायचाय, फुकटातलं काय वापरू?

रानजाई
नमस्कार मंडळी. सड्यांवरच्या (कातळपठारांवरच्या) तेरड्यांवरचा पेपर एका जर्नलने परत पाठवला. तिथे लेखक-साल पद्धत होती. आता जिथे पाठवायचाय तिथे मजकुरात चौकटी कंसात आकडे, शेवटची यादी त्याच क्रमाने, जर्नलची नावं संक्षिप्त, आणि सहाच्या वर लेखक असले तर सहानंतर 'एट अल' (म्हणजे 'आणि इतर'). संदर्भ ७१, सगळे वर्डमध्ये हाताने टाइप केलेले. लॅपटॉप ४ जीबीचा, वयस्कर. बजेट शून्य रुपये. सोमवारी सरांना फाइल द्यायचीय आणि सर फक्त वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस लावून तपासतात. काय वापरू?

घाटावरचा
डोळे मिटून एंडनोट घ्या, संदर्भ सांभाळणारं विकतचं सॉफ्टवेअर. माझ्या लायब्ररीत २,३०० पेपर आहेत, एक इकडचा तिकडे होत नाही.

रानजाई
दादा, शून्य रुपये लिहिलंय.

घाटावरचा
मग डिपार्टमेंटला घ्यायला सांगा. मागितल्याशिवाय मिळत नाही.

पीएचडीग्रस्त
झोटेरो. तसलंच सॉफ्टवेअर, पण फुकट आहे. क्लाउडवर ३०० एमबीच मिळतात म्हणून घाबरू नका, ती मर्यादा पीडीएफ वगैरे चढवल्या तर. नुसत्या नोंदी कितीही ठेवा. वर जादूच्या कांडीसारखं बटण आहे, त्यात डीओआय (प्रत्येक पेपरचा कायमचा ओळखक्रमांक) एकाखाली एक चिकटवायचे की नोंदी आपोआप येतात. डीओआय माहीत नसतील तर डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफच्या साइटवर अख्खी यादी पेस्ट करून शोधता येतात.
एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण मला कुणी सांगितली नव्हती: मजकुरात हाताने टाइप केलेला प्रत्येक संदर्भ पुसून तिथे प्लगइनने (वर्डमधल्या झोटेरोच्या जोडणीने) नवा घालावा लागतो. सॉफ्टवेअरला तुमचं टायपिंग कळत नाही. ७१ संदर्भ म्हणजे मजकुरात दीडशे ठिकाणं तरी असतील. माझा एक अख्खा रविवार गेला.

बोरूबहाद्दर
वर्डमध्ये शास्त्रीय लेखन करणं म्हणजे खलबत्त्यात कणीक मळणं. लाटेक शिका, खुणा टाइप करून मजकूर जुळवायची पद्धत. बिबटेकची (तिच्यातल्या संदर्भांची) फाइल एकदा केली की स्टाइल बदलायला एक ओळ. फक्त शीर्षकातल्या डीएनएसारख्या शब्दांना महिरपी कंस घाला, नाहीतर काही स्टाइलमध्ये ते लहान लिपीत उतरतात.

पेठेतली माशी
बोरूबहाद्दर, सोमवारी द्यायचंय हो. आणि त्यांचे सर वर्डवाले आहेत.

बोरूबहाद्दर
सरांनीही शिकावं.

नाना_तासगाव
आमच्या वेळी डीटीपीवाल्याकडे द्यायचो. पानावर पैसे. त्याच्या मशीनच्या ऑटोकरेक्टने माझ्या पेपरातल्या प्रत्येक 'इम्पेशन्स'चं (तेरड्याचं शास्त्रीय नाव) 'इम्पेशंट', म्हणजे उतावीळ, करून टाकलं होतं. परीक्षकाने समासात लिहिलं, 'सो अॅम आय'.

रानजाई
काका 😂 माझी पण प्रजाती तीच, इम्पेशन्स लॉई.

घाणेरी
रानजाईताई, मीही बॉटनीतलीच. झोटेरोला +१, पण दोन ठिकाणी ठेच लागेल. एक, प्रजातीची नावं तिरकी करायला शीर्षकाच्या रकान्यात नावाच्या आधी आणि नंतर 'आय'चा टॅग (<i> आणि </i>) हाताने घालावा लागतो, आपोआप होत नाही. दोन, जर्नलचं संक्षिप्त नाव. प्लगइनच्या सेटिंगमध्ये मेडलाइनची (वैद्यकीय जर्नलांच्या सूचीची) संक्षेपं वापरा असा चौकोन असतो. तो टिक केलेला असला की तुम्ही स्वतः भरलेल्या संक्षेपाकडे तो ढुंकूनही बघत नाही. आणि आपली निम्मी जर्नलं मेडलाइनमध्ये नसतातच. टिक काढा आणि हाताने भरा.

पीएचडीग्रस्त
हे माहीत नव्हतं. म्हणून माझं तसं झालं होतं होय.

थंडीतला मराठी
झोटेरो वापरा. फुकट आहे, डीओआय टाकला की झालं.

पेठेतली माशी
वरचं वाचलंत का?

थंडीतला मराठी
नाही, ऑफिसात आहे.
अवांतर: संक्षेपात टिंब द्यायचं की नाही ते आधी बघा. आयएसओ पद्धतीत 'करंट सायन्स'चं 'कर. साय.' होतं, दोन्हीला टिंब. वैद्यकीयवाल्यांच्या व्हँकुव्हर पद्धतीत टिंबं नसतात. आणि 'टॅक्सॉन'सारखं एका शब्दाचं नाव असेल तर ते तोडायचंच नाही.

रानजाई
एक शंका. कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा (तिथल्या वनस्पतींचा ग्रंथ) माझ्याकडे १९५८चा आहे, बॉटनिकल सर्व्हेने पुन्हा छापलेला. मूळ १९०१ ते १९०८. साल कुठलं लिहू? त्याला डीओआयही नाही.

नाना_तासगाव
मूळ साल. माणसाने काम केव्हा केलं ते महत्त्वाचं.

घाणेरी
नाना, पान क्रमांक १९५८च्या प्रतीतला देणार आणि साल १९०१चं? वाचणारा भलत्या पानावर जाईल. हातात जी प्रत आहे तिचं साल आणि कंसात 'पुनर्मुद्रण, मूळ १९०१–१९०८'.

नाना_तासगाव
मी चाळीस वर्षं मूळ साल देतोय. कुणी भलत्या पानावर गेल्याचं ऐकलं नाही.

घाणेरी
कारण कुणी उघडूनच बघत नाही!
यावरून आठवलं. आमच्या एका ज्युनियरने इम्पेशन्स लॉईपुढचं 'हुक. एफ.' बघून 'एफ. हूक' नावाच्या लेखकाचा पेपर दोन दिवस शोधला. एफ म्हणजे फिलियस, मुलगा. विल्यम हूकरचा मुलगा जोसेफ. प्रजातीमागे लागलेलं कर्त्याचं नाव म्हणजे संदर्भ नव्हे. जर्नलने मागितलं नसेल तर ते यादीत घालू नका.

घाटावरचा
सगळं सोडा, एआयला सांगा, दोन मिनिटांत नमुना बदलून देतो.

पीएचडीग्रस्त
मी एका चॅटबॉटला यादी दिली होती. ४० दिले, ४१ परत आले. एक्केचाळिसावा पेपर जगात अस्तित्वातच नव्हता. लेखक मात्र खरे, त्यातले एक आमच्या कमिटीवर.

पेठेतली माशी
रानजाई, मुळात नवीन जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचना पुन्हा वाचा. एल्सव्हिअरसकट बऱ्याच प्रकाशकांकडे पहिल्या वेळी कुठलाही नमुना चालतो, फक्त सगळीकडे सारखा हवा. पेपर स्वीकारल्यावर मग बदलायचं. उगाच रात्री जागवू नका.

बोरूबहाद्दर
लाटेकमध्ये हा प्रश्नच येत नाही.

रानजाई
माशीताई, वाचल्या सूचना. पहिल्या सबमिशनला खरंच कुठलाही नमुना चालतोय! सरांना फोन केला. सर म्हणाले, 'चालतं म्हणून आपण गबाळं पाठवायचं का?' म्हणजे बदलायचंच.
झोटेरो काल रात्री टाकलं. वर्ड आणि ते दोन्ही उघडलं की लॅपटॉप हुंकार देतो आणि गप्प बसतो. शिवाय सरांकडून फाइल परत येते तेव्हा त्यांनी काय काय पुसलेलं असतं ते देवालाच ठाऊक. म्हणून ठरवलं, हातानेच करते. एक्सेलमध्ये यादी, प्रत्येकाला एक खुणेचं अक्षर, मजकुरात आधी ती अक्षरं, आणि शेवटी एका बसणीत आकडे. रागावू नका.

पीएचडीग्रस्त
पुढच्या वेळी रिव्ह्यूअरने मध्येच दोन पेपर घालायला लावले की कळेल.

घाणेरी
आणि ते दोन्ही त्याचेच असतील.

नाना_तासगाव
शाब्बास पोरी. हाताने केलेलं लक्षात राहतं.

रानजाई (सोमवार, पहाटे)
झालं. भाऊ मजकुरातले आकडे मोठ्याने वाचत होता, मी छापील यादीवर पेन्सिलीने टिक करत होते. कुक १९५८ म्हणून टाकले, कंसात मूळ साल. नाना, माफ करा.
एकच घोळ झाला. शेवटी ३८ला टिकच नाही. तो पेपर ज्या परिच्छेदात होता तो सरांनी मागच्याच महिन्यात उडवलाय. आता ३९ ते ७१ सगळे एकाने मागे, यादीतही आणि मजकुरातही. भाऊ झोपायला गेला.

पीएचडीग्रस्त
मी काही बोलत नाही.

थंडीतला मराठी
झोटेरो वापरा, आकडे आपोआप सरकतात.