जंगलातलं गाणं: समतेमुळे सूर की सुरामुळे समता?

रानवाटा
मध्य आफ्रिकेतल्या आका लोकांचं गाणं सध्या रोज ऐकतोय. शिकार, मध, कंदमुळांवर जगणारी माणसं. ना राजा, ना पाटील. गाण्यातही तसंच. मुख्य गवई नाही, तालीम नाही, समोर बसून ऐकणारे नाहीत. चार तऱ्हेचे सूर एकमेकांत गुंफलेले, त्यातल्या एकाचं नावच 'गाण्याची आई'. गाणारा वाटेल तेव्हा एका सुरावरून दुसऱ्यावर जातो. मला वाटतं, समता ही पोरं आईच्या कडेवरच कानानं शिकतात. अमेरिकेतला लोकगीतांचा अभ्यासक अ‍ॅलन लोमॅक्स, त्यानं १९६०च्या दशकात जगभरची गाणी ताडून जवळपास हेच मांडलं होतं.

तिरकस
लोमॅक्स म्हटलं की मी सावध होतो. एकेका समाजाची दहाएक गाणी घ्यायची आणि निष्कर्ष जगाएवढा!
आणि एकत्र गाऊन समता येत असती, तर चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर पायरीशी का? विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. अभंग तोवर शतकानुशतकं चालूच होते.
काँगोतल्या इतुरीच्या जंगलात राहणाऱ्या म्बुती या शिकारी लोकांचा मोलिमो हा विधी बघा. कोणी गेलं की जंगल झोपलंय असं समजून त्याला जागं करायला रात्र रात्र गायचं. पण त्यातली पवित्र तुतारी पुरुषांची, बायकांनी पोरं घेऊन झोपडीत. ही कुठली समता?

सुमनताई
अर्धीच गोष्ट सांगितलीत, तिरकसराव. म्बुतींसोबत राहिलेल्या मानववंशशास्त्रज्ञ कॉलिन टर्नबुलच्या १९६१च्या पुस्तकात पुढचंही आहे. एक म्हातारी येते, गाणाऱ्या पुरुषांच्या गळ्यांभोवती दोरी गुंडाळत जाते, आणि गाणं थांबतं. पुरुष कबूल करतात की आम्ही बांधले गेलो. काहीतरी हातावर ठेवल्याशिवाय सुटका नाही.
(तीच ती पवित्र तुतारी, जी लोखंडी पाइपची निघाल्यावर टर्नबुल हिरमुसला. म्बुतींचं म्हणणं, आवाज चांगला येतोय ना?)

तिरकस
दोरीचं मान्य. पण टर्नबुल म्बुतींच्या प्रेमात होता, तेवढं वजा करून वाचा. आणि तेच म्बुती शेतकऱ्यांच्या गावात गेले की खालचे ठरतात. तिथे गाणं काही कामाला येत नाही.

रानवाटा
गावात सत्ता शेतकऱ्याची, गाणं काय करणार? मी त्यांच्या आपसातल्या वागण्याबद्दल बोलतोय. चोखोबांचं उदाहरण मात्र लागलं. तरी दिंडीत वीणेकरी असतो, चाल एक जण उचलतो, बाकीचे मागून. आकांकडे 'मागून' हा प्रकारच पुसट.
सिम्हा आरोम या संगीत-अभ्यासकाला ही गुंफण सुटी करायची होती. १९७०च्या दशकात त्यानं एकाचा सूर टेपवर घेतला, दुसऱ्याच्या कानाला हेडफोन लावून तो ऐकवला, मग त्याचा सूर घेतला, असं एकेक करत. एरवी कुठला सूर कोणाचा ते कळेनाच.

तिरकस
हेडफोनचा मुद्दा आवडला. लोमॅक्स अजून पटलेला नाही.