‘सायन्स सिटी’: इस्त्री जरा जास्तच झालीय?

गवतीचहा:
पारेख अँड सिंगचा हा २०१९ चा अल्बम परवा पुन्हा लावला. कोलकात्याची जोडगोळी: निश्चय पारेख गातो नि गिटार वाजवतो, जीवराज सिंग ड्रम्सवर. ‘पीसफ्रॉग’ या ब्रिटिश लेबलनं त्यांना उचललं. सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) चकचकीत, आवाज मऊ, एक सूर इकडचा तिकडे नाही. आणि तीच माझी तक्रार आहे. चार-पाच गाणी झाली तरी एक संपून दुसरं कधी लागलं ते कळत नाही. निश्चय पहिल्यापासून शेवटपर्यंत झोपलेल्या बाळाशेजारी बसल्यासारखा गातो. चिडत नाही, तुटत नाही, त्याला दमसुद्धा लागत नाही. नाव कोलकात्यातल्या बायपास रस्त्यावरच्या विज्ञान केंद्राचं, पण त्या बायपासवरची धूळ औषधालाही नाही. लोकांना आठवतात ते त्यांचे रंगीत सूट आणि सिनेदिग्दर्शक वेस अँडरसनछाप व्हिडिओ. गाणी नंतर, आठवलीच तर.

ठेका_चुकला:
धूळ हवी तर बायपासवर जा की! लंडनच्या बँडकडे कोणी थेम्सचा चिखल मागत नाही. आपल्या पोरांनीच प्रत्येक गाण्याला रहिवासी दाखला जोडायचा का? आणि ही दोघं इंग्रजीत गातात म्हणून काय, इंग्रजी गाणं कोलकात्याला उपरं नाही. पार्क स्ट्रीटच्या ट्रिंकाज रेस्टॉरंटमध्ये उषा उथुप साडी नेसून इंग्रजी गाणी म्हणायच्या, तेव्हा ही दोघं जन्मलीही नव्हती. जीवराजचे आईवडील तिथल्याच ‘स्किनी ॲली’ बँडमधले. हेडफोन लावा आणि नुसते ड्रम्स ऐका. तो किती ठिकाणी वाजवायचं टाळतो ते मोजा. हा गुळगुळीतपणा फुकट येत नाही.

गवतीचहा:
इंग्रजीबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही, ते तुम्हीच आणलंत. ड्रम्स मान्य, शंभर टक्के. म्हणून तर चिडचिड होते! मागे एवढा माणूस वाजवतोय आणि पुढे गाणारा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा.

कोपऱ्यातला_स्पीकर:
दोघांनी त्यांचा आधीचा अल्बम ‘ओशन’ ऐकलाय का? २०१३ मध्ये निश्चयच्या एकट्याच्या नावानं आला, २०१६ मध्ये जोडीच्या नावानं पुन्हा. तिथे गाणी आहेत, इथे ‘सायन्स सिटी’त सजावट. ‘समर स्किन’ तेवढं सोडा, ते अंघोळ करताना तोंडात येतं.

ठेका_चुकला:
‘ओशन’ पाठ आहे. आणि बिस्कीट बुडवलेलंच चांगलं लागतं हो.