जुलियन ऑफ नॉर्विच कुणी पूर्ण वाचलीय का?

बोरीवली_स्लो:
मंडळी, कलिन्याला एमए इंग्लिश करतोय, जुलियन ऑफ नॉर्विच या मध्ययुगीन इंग्रज लेखिकेवर प्रेझेंटेशन गळ्यात पडलंय. नेटवर बघावं तिथे तिचं एकच वाक्य, सगळं ठीक होईल, कपांवर, बुकमार्कवर, अगदी गुड मॉर्निंग मेसेज टाइप. आणि दुसरीकडे ही बाई चर्चला चिकटलेल्या खोलीत मरेपर्यंत बंद. मग जगाचं तिला काय माहीत, बसल्या जागेवरून ठीक होईल म्हणायला काय जातंय? चिडू नका, खरंच विचारतोय.

सायन_सर्कल:
अरे जगाचं तिला नको तेवढं माहीत होतं. जन्म साधारण १३४२चा, म्हणजे नॉर्विचला प्लेग आला तेव्हा ही सहा-सात वर्षांची पोर, आणि साथ नंतरही येतच राहिली. मे १३७३ मध्ये, वय साडेतीस, स्वतःच मरणाच्या दारात होती. पाद्र्याने डोळ्यांसमोर क्रूस धरला आणि मग एकामागोमाग सोळा दर्शनं झाली. त्यात एक बारीकशी गोष्ट आहे, आई जवळ उभी होती, पोरगी गेली असं वाटून डोळे मिटायला तिने हात पुढे केला, आणि हिला वाईट कशाचं वाटलं तर ख्रिस्त दिसायचा बंद होईल याचं. या दर्शनांवर तिने पुस्तक लिहिलं, हे फक्त त्याच्या छोट्या रूपात आहे, नंतरच्या मोठ्या ८६ प्रकरणांच्या रूपातून तिने काढून टाकलंय. मी अशी ओळ लिहिली असती तर जन्मात काढली नसती.

आणि ते वाक्य तिचं नाहीच, दर्शनात ख्रिस्त तिला सांगतो. तिने विचारलेलं की पाप मुळातच का नाही थांबवलं, एवढा घोळच झाला नसता. उत्तर मिळाल्यावरही बाई गप्प बसत नाही, म्हणते एवढं नुकसान झालंय तर ठीक होणार कसं, आणि काही जण कायमचे नरकात जातात असं चर्च शिकवतं त्याचं काय. यावर तिला एवढंच कळतं की तुला अशक्य ते मला अशक्य नाही. मग पंधरा-वीस वर्षं त्याच्यावर डोकं चालवत बसली. कपवाल्यांनी नेमका हा भाग उडवला.

मांजरप्रेमी_दादर:
कोंडलं नव्हतं हो कुणी, स्वतःहून गेली. अशा बाईला आत घेताना मेलेल्यांसाठीच्या प्रार्थना म्हणायचे, म्हणजे जगाला ती मेली. पण चर्चच्या बाजूला एक खिडकी आणि लोकांशी बोलायला दुसरी असायची, त्यामुळे दुनियेची दुखणी खिडकीवर यायचीच. १३९४ पासून लोकांच्या मृत्युपत्रांत तिच्या नावाने पैसे ठेवलेले सापडतात, आणि १४१३ च्या आसपास मार्जरी केंप नावाची त्या काळची एक भाविक बाई सल्ला घ्यायला आली ते मार्जरीने स्वतःच सांगून ठेवलंय. अवांतर, अशा बायकांसाठीच्या नियमांत मांजर पाळायची मुभा होती म्हणून चित्रात तिच्या मांडीवर मांजर दाखवतात, पुस्तकात मांजर कुठेही नाही, मी आशेने शोधलं.

निर्मळची_लेक:
मी वसईची कॅथलिक, मला तिचं वेगळंच भावतं. ती येशूला सरळ आई म्हणते. आई अंगावर पाजते तसा तो आपल्याला स्वतःलाच भरवतो, मिस्सामधला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतला, प्रसाद म्हणजे हेच, असं लिहिलंय. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांना यात नवल वाटणार नाही, आमच्या आजीला मात्र मी वाचून दाखवलं तर आधी जपमाळ बाजूला ठेवून माझ्याकडे नुसतं बघितलं, मग म्हणाली पुढचं वाच.

सायन_सर्कल:
@बोरीवली_स्लो वारशाबद्दल बोलणार असशील तर फ्रान्समधल्या बेनेडिक्टाइन संघाच्या इंग्रज सिस्टर्सना विसरू नको. इंग्रजीत बाईने लिहिलेलं, आज हातात असलेलं सगळ्यात जुनं पुस्तक हे, आणि मोठं रूप टिकलं ते मुख्यतः त्यांनी १७व्या शतकात नकला केल्या म्हणून. १६७० ला पहिल्यांदा छापलं गेलं, नंतर १९०१ च्या ग्रेस वॉरॅकच्या आवृत्तीने सामान्य वाचकांपर्यंत पोचलं. मग कवी टी. एस. एलियटने कवितेत तेच वाक्य घेतलं १९४२ ला, आणि त्याच वर्षी बॉम्ब पडून तिचं चर्च उद्ध्वस्त झालं, आता जे आहे ते पुन्हा बांधलेलं.

बोरीवली_स्लो:
आयला, हे तर भलतंच निघालं. सुरुवात कुठून करू, जुनी इंग्रजी झेपत नाही.

निर्मळची_लेक:
छोटं रूप आधी, आधुनिक इंग्रजीतलं घे, विरार ते चर्चगेट येता-जाता संपेल. नंतर मोठ्यातलं मालक आणि खड्ड्यात पडलेल्या नोकराचं प्रकरण वाच, सर त्यावरच प्रश्न विचारतील बघ.