मदत हवी आहे: ड्वार्फ फोर्ट्रेसमधलं दार नक्की कुणाला अडवतं?

तळघर
ड्वार्फ फोर्ट्रेस, म्हणजे बुटक्या ड्वार्फ लोकांचा किल्ला वसवण्याचा संगणकावरचा खेळ; माझी स्टीमवरची (ऑनलाइन दुकानातली) आवृत्ती. किल्ला डोंगराच्या पोटात, आत यायला एकच बोगदा. अडचणी तीन आणि तिन्ही दारांच्याच.

१. बोगद्याच्या तोंडाशी दगडी दार आहे. वेढा पडताच कुलूप लावलं. गॉब्लिन (शत्रूचे सैनिक) बाहेर खोळंबले, पण ट्रोलनी (त्यांच्याबरोबरच्या दांडग्या राक्षसांनी) दार फोडलं आणि मागोमाग सगळे आत. लोखंडी दार टिकेल का?
२. ओढ्यापासून विहिरीखालच्या टाकीपर्यंत पाट खणलाय, मध्ये एक दार आहे. त्याला कुलूप लावायला गेलं तर लागत नाही आणि टाकीत पाणी येतच राहतं.
३. धान्याच्या कोठारात मांजरं शिरतात. दार आहे, तरीही.

शिवाय तीन दारं एकाच लिव्हरला जोडायची तर मेकॅनिझम (जोडणीचे यांत्रिक भाग) किती लागतील?

पाथरवट
लोखंडी दाराच्या नादी लागू नका. साहित्य बदलून पहिला प्रश्न सुटत नाही. ट्रोल हे वास्तू फोडणाऱ्या प्राण्यांपैकी, आणि दार ही त्यांच्या दृष्टीने फोडायची वस्तू. कुलूप गॉब्लिनला अडवतं, ट्रोलला नाही. कुलूप नसेल तर गॉब्लिनही सरळ दार उघडून आत येतात, हे वेगळं सांगायला नको.

तोंडाशी ड्रॉब्रिज, म्हणजे उचलता येणारा पूल, बांधा. उचललेला पूल भिंतीसारखा उभा राहतो आणि ट्रोल त्याच्या वाटेला जात नाहीत. बांधताना पूल कोणत्या बाजूला उचलला जाणार ती दिशा निवडावी लागते. भिंत उभी राहते ती त्याच कडेवर, म्हणून ती कड किल्ल्याच्या बाजूला ठेवा. मागे सरकणारा प्रकार चुकून निवडलात तर पूल नुसता नाहीसा होतो, आडवं काहीच उरत नाही. खाली खंदक खणला नसेल तर शत्रू जमिनीवरून चालत येईल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक उंबरठ्यावर पडलंय. दाराच्या घरात (नकाशाच्या त्या चौकोनात) एखादी वस्तू असली की दार मिटत नाही: दगड, मोजा, काहीही. मग कुलूप लागत नाही, पाणी वाहतं, प्राणी ये-जा करतात. ड्वार्फ ओझं नेत असताना घाबरला किंवा त्याचं काम रद्द झालं की असेल तिथे ओझं टाकून मोकळा होतो, आणि ते नेमकं दारात पडतं. दाराच्या घरावर क्लिक करून आत काय आहे ते पाहा.

खिट्टी
लिव्हरचं गणित: लिव्हर बांधायला १ मेकॅनिझम आणि प्रत्येक जोडणीला २, एक लिव्हरकडे आणि एक दाराकडे. तीन दारांना १ + ६ = ७. प्रत्येक जोडणी हे वेगळं काम आहे, तीन वेळा सांगावं लागेल.

वेळेचा फरकही लक्षात घ्या. लिव्हर ओढताक्षणी दार हलतं. ड्रॉब्रिज आणि फ्लडगेट (पाणी अडवणारी झडप) १०० टिक उशिरा हलतात; टिक म्हणजे खेळातल्या वेळेचं छोटं एकक. एक दिवस १२०० टिकांचा, म्हणजे खेळातले दोन तास गेले. त्यात कुणीतरी ड्वार्फ मोकळा होऊन लिव्हरपाशी पोचायला हवा. म्हणून लिव्हर जेवणघराजवळ ठेवा, रिकामटेकडे तिथेच घुटमळत असतात. आणि शत्रू पुलाशी येईपर्यंत वाट पाहू नका.

पाटावरच्या दाराला तर लिव्हर हवाच. पलीकडे ७/७ पाणी (घर काठोकाठ भरलेलं) उभं असताना कुलूप नसलेलं दार एखाद्या ड्वार्फने उघडलं तर खोली बुडालीच. लिव्हर अर्थात कोरड्या बाजूला.

पाथरवट
मांजरांचं राहिलं. दारावर क्लिक केलंत की कुलपाशेजारी आणखी एक पर्याय दिसतो, पाळीव प्राण्यांना मज्जाव करणारा. तो लावा. तरीही ड्वार्फ दार उघडून जात असताना त्याच्या पायात पायात मांजर आत सटकतं. दोन दारं एकामागे एक बसवली तर हे बरंच कमी होतं.

पण कोठारातून मांजरं हाकलायची तरी कशाला? धान्यावर येणारे उंदीर-घुशी तीच मारतात. फक्त मारलेला उंदीर उंबरठ्यावर राहिला तर पुन्हा दुसऱ्या प्रश्नावर याल.

तळघर
दारात दगड निघाला! पण आता तो पाण्याखाली आहे आणि उचलायला कुणीच जात नाही. आणि दुसरं, पूल किती रुंद ठेवू?

खिट्टी
४/७ किंवा जास्त पाण्यातून ड्वार्फ वाट काढत नाहीत, म्हणून जात नाही. आधी ओढ्याकडून येणारं पाणी थांबवायला हवं. ओढ्याच्या बाजूला दुसरं दार किंवा फ्लडगेट असतं तर हे सोपं होतं, पुढच्या वेळी दोन बसवाच, प्रत्येकाला स्वतंत्र लिव्हर. आत्ता टाकीच्या तळाशी एक चर खणून पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सोडा. निचरा आवकेपेक्षा जास्त झाला की पाटातली पातळी उतरेल. मग कचऱ्याची जागा नेमून त्या दगडावर टाकून देण्याची खूण करा. दगड हलला की लगेच कुलूप.

पाटाच्या सुरुवातीला उभी जाळीही बसवा. पाणी जातं, वस्तू आणि प्राणी अडतात. तटाला पाडतात तशा झरोक्यांवर भागवू नका, पाणी तुडुंब भरलं की पोहणारे प्राणी त्यातून आत येतात.

पाथरवट
पूल तीन घरं रुंद. व्यापाऱ्यांच्या गाड्यांना डेपोपर्यंत (मालाची देवाणघेवाण होते त्या जागेपर्यंत) सलग तीन घरं रुंद वाट लागते. तिथे दारांची रांग जमणार नाही, कारण प्रत्येक दाराला शेजारी भिंत हवी आणि तिघांतल्या मधल्याला ती मिळत नाही. दोन घरांच्या वाटेत जोडदार बसतं, तीनमध्ये नाही.

पुलानंतर बोगद्याला काटकोनात वळण द्या, आपल्या गडांच्या गोमुखी दरवाजासारखं. बाहेरच्या तिरंदाजांना आतले ड्वार्फ दिसत नाहीत. डेपो वळणाच्या आत, त्याच्या मागे कुलपाची दोन दारं, कारण पूल खाली असतानाच कधीतरी वेढा पडतो. गाडी पुलावर असताना लिव्हर ओढू नका. पूल खाली येतानाही त्याच्याखाली जे असेल ते चिरडून नाहीसं होतं, मालासकट.