तेर आणि पैठणला किनारा कुठाय?

एखाद्या समुद्राच्या प्रदेशात कोण मोडतं, याला ‘ज्याला किनारा, तोच’ असं उत्तर दिलं जातं; करारमदारापुरतं ते ठीक. उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्राभोवतीच्या सात देशांनी ऐन शीतयुद्धात, 1974 साली हेलसिंकीत प्रदूषण रोखण्याचा करार केला, तेव्हा सह्या किनाऱ्यावाल्यांच्याच होत्या. पण अरबी समुद्राचा हिशेब एवढ्यावर भागत नाही. आम्हा मराठवाड्यातल्यांना समुद्र बघायचा तर घाट उतरावा लागतो, तरी पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापारावरच्या ग्रीक पुस्तकात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं धाराशिवजवळचं तेर, दोन्ही बाजारपेठा नावानिशी आहेत. पैठणहून अकीकासारखे दगड, तेरहून जाडंभरडं कापड आणि मलमल. सगळा माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून गुजरातेतल्या भडोच बंदराला. तिथून जहाजं तांबड्या समुद्राकडे, इजिप्तला.

आणि हे नुसतं पोथीतलं नाही. तेरला एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली आहे, छोटीशीच, अंगावर दागिनेच दागिने. तिच्याशी बरंच साम्य असलेली भारतीय मूर्ती निघाली ती थेट इटलीत, पॉम्पेईच्या एका घरात. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं, म्हणजे ती मूर्ती तिथं पोचली त्याच्याही आधी.