कार्नेगीची वाचनालयं: दान, की कामगारांचाच पैसा?

वाचनवेडी:
गेल्या आठवड्यात अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या होमस्टेडला जाऊन आले. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीचा इथला कारखाना केव्हाच जमीनदोस्त झाला, तिथे आता मॉल आहे. कडेला विटांची बारा धुराडी ओळीने उभी आहेत. चढावर मात्र त्याने १८९८ मध्ये बांधून दिलेलं वाचनालय अजून चालू आहे.

१८९२ साली इथल्या कामगारांनी पगारकपात नाकारली. मॅनेजर हेन्री फ्रिकने गेटला कुलूप ठोकलं आणि ६ जुलैच्या पहाटे पिंकर्टन या खाजगी सुरक्षा एजन्सीची ३०० बंदूकधारी माणसं नदीतून आणली. दिवसभर गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं गेली. शेवटी राज्याचं सैन्य आलं आणि युनियन मोडली. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता.

मी याला दान म्हणणार नाही. कामगारांच्या पगारातून काढलं, त्यातलं थोडं त्यांना परत दिलं. बारा तास भट्टीसमोर, पाळी बदलताना सलग चोवीस तास उभं राहणाऱ्या माणसाने पुस्तक उघडायचं कधी?

सांगलीकर:
ताई, गोळीबाराचं समर्थन कुणीच करणार नाही. पण कार्नेगी स्वतः तेरा वर्षांचा असताना कापडगिरणीत बॉबिन (सुताची रिळं) पोचवायचा, आठवड्याला १ डॉलर २० सेंटवर. कर्नल अँडरसन नावाचे गृहस्थ दर शनिवारी कामकरी पोरांना आपली पुस्तकं वाचायला द्यायचे, त्यातून तो शिकला. हे ऋण तो विसरला नाही. जगभर अडीच हजारांवर वाचनालयं उभी केली. तीही अशी की जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी करातून खर्च करायची. वाचनालय चालवणं हे नगरपालिकेचं काम आहे, हे अमेरिकेत त्यामुळे रुजलं. सयाजीराव महाराज तिथली वाचनालयं पाहून भारावले आणि १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल त्यांनी बडोद्याला आणला. एवढं सगळं घामाच्या हिशोबात खोडून टाकायचं?

लोहारआळी:
होमस्टेडजवळच्याच ब्रॅडॉक गावाचंही सांगतो. तिथलं १८८९ चं वाचनालय हे कार्नेगीचं अमेरिकेतलं पहिलं. त्याच्या तळघरात कामगारांसाठी न्हाणीघर होतं. काजळीने माखलेला माणूस आधी अंघोळ करणार, मग वर जाणार. हे ज्याला सुचलं त्याला कामगाराचं अंग कसं मळतं ते ठाऊक होतं. म्हणून मी सांगलीकरांच्या बाजूने.

वाचनवेडी:
ठाऊक होतं, म्हणूनच राग येतो. संपकऱ्याच्या जागेवर दुसऱ्याने जाऊ नये असं १८८६ मध्ये त्यानेच लिहिलं होतं. सहा वर्षांनी त्याच्याच होमस्टेडच्या कारखान्यात संपकऱ्यांच्या जागी बाहेरचे भरले. १९०१ मध्ये कंपनी ४८ कोटी डॉलरला विकली गेली. बारा तासांची पाळी सुटायला मात्र १९२३ उजाडलं, तेव्हा कार्नेगी जाऊन चार वर्षं झाली होती. न्हाणीघर बांधण्यापेक्षा पाळी आठ तासांची केली असती तर?

आणि कामगारांना हे कळत नव्हतं असं समजू नका. १९०४ मध्ये अमेरिकेतल्याच व्हीलिंग शहरातल्या युनियनांनी होमस्टेडची आठवण देत प्रचार केला आणि मतदानात कार्नेगीचं वाचनालय नाकारलं गेलं. पुढे शहराने स्वतःच्या पैशाने बांधलं.

सांगलीकर:
व्हीलिंगचं मला माहीत नव्हतं, त्याला सलाम. पण ते शहर होतं, तिथे कर भरणारे कारखाने होते. बाराशे वस्तीच्या खेड्याने नकार दिला असता तर तिथल्या पोरांना पुस्तक कुणी दिलं असतं? मी तरी घेतलं असतं.